आधी बाहेरचा रांजण

आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्याला आम्ही पाण्याचा दिवस म्हणतो. त्या दिवशी सगळं घर कुलूप लावून कुठं जात नाही, लग्नाचं बोलावणं असलं तरी एक माणूस मागं राहतो. पाण्याच्या दिवशी माणसाला मरायला सुद्धा सवड नसते, असं मी चेष्टेनं म्हणायचो. आता म्हणत नाही. त्या दिवशीही दुपारी अडीचच्या सुमाराला नळ खाकरला, अन् कुशावर्ता आतून ओरडली, “आवं, आलं! घागर घ्या.” कुशावर्ता म्हणजे माझी बायको. नळी तिच्या हातात, घागर माझ्या हातात, हे आमचं ठरलेलं. पहिल्या चार घागरी दाराबाहेरच्या रांजणात. तो रांजण आमचा नाही, रस्त्यानं जाणाराचा. तो भरल्याशिवाय घरातल्या एका भांड्याला पाणी नाही, हा तिचा कायदा. मग दोन ड्रम, मग हंडे, मग तिच्या त्या बाटल्या. माझा गुडघा धरतो, त्यामुळं उंबऱ्यात थोडं सांडलं. ती म्हणाली, “बघून चला. पाणी हाय ते, तुमचं बोलणं नाय, सांडलं तरी पुन्हा येतंय म्हणायला.” मी म्हणालो, “उभी हयात या गावाला पाणी सोडलं मी. मला शिकव.” “सोडलंत. भरलं कुठं? भरायला मी होते.” असं भांडत भांडत सगळं भरलं. सांडलेल्या पाण्यावर तिनं फडकं टाकलं, पायानं फरशी पुसली. चहा केला. उंबऱ्यात बसून मेथी निवडली. दिवे लावायच्या वेळेला म्हणाली, “जरा पाठ टेकते,” अन् उठलीच नाही. कोपऱ्यावरचा डॉक्टर आला, त्यानं मनगट धरलं, छातीला नळी लावली, अन् चष्मा काढून खिशात ठेवला. इतकं थोडक्यात सांगतोय कारण झालंच इतकं थोडक्यात.

लेक शोभा पुण्याला. ती येईपर्यंत, म्हणजे सकाळपर्यंत, थांबायचं ठरलं. धाकट्या भावाची बायको इंदू गंगापूरहून जीपनं तासाभरात पोचली अन् तिनं घराचा ताबा घेतला. आल्या आल्या तिनं बाहेरचा रांजण रिकामा करायला लावला. सुतकाच्या घरचं पाणी कुणी पीत नाही. दुपारी भरलेलं ते पाणी रस्त्यावर ओतल्याचा आवाज मी आतल्या खोलीतून ऐकला, अन् उठलो नाही. भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. रडत नव्हतो. लोक म्हणत होते, नारायणराव घट्ट आहेत. घट्ट कसला! मला कळलं होतं की ते आलं. पन्नास वर्षांपूर्वी जे छातीवर येऊन बसलं होतं तेच, त्याच वजनाचं. अन् मला हेही ठाऊक होतं की उद्याची पहिली सकाळ जर मी असाच पडून काढली, तर मग मला उठवणारं माणूस या वेळी घरात नाही. ते काय होतं, अन् त्या वेळी तिनं मला कसं उठवलं, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही धड नाही. शोभानं ही वही आणून दिली अन् म्हणाली, आण्णा, बोलत नाहीस तर लिही. म्हणून लिहितोय. चुकलं तर चुकलं.

आमचं गाव गंगापूर तालुक्यात, गोदेच्या अंगाला. रान थोडं, भाऊ दोन. एकाला रान, एकाला शहर, असं आबांनी, म्हणजे वडिलांनी, मिसरूड फुटायच्या आतच ठरवून टाकलं होतं. मी शहराच्या वाटणीला आलो. एका पाहुण्याच्या ओळखीनं पाणी सोडायच्या कामावर रोजंदारीनं लागलो. क्रांती चौकाच्या मागं आठ खोल्यांची एक ओळ होती, तिथली एक खोली घेतली अन् वर्षाच्या आत लग्न झालं. कुशा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आली तेव्हा बरोबर एक पेटी, एक पाटा-वरवंटा, अन् आईनं दिलेला येसराचा, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाचा, डबा. त्या येसराची आमटी तिनं पहिल्या दिवशी अशी तिखट केली की मला ठसका लागला, अन् पदराआड हसून म्हणाली, “शहराचं पाणी लागलेलं दिसतंय तुम्हाला.” नवरीनं असं बोलायची रीत नव्हती. मला आवडलं, पण तोंडावर दाखवलं नाही. तेव्हा आपल्याला वाटायचं की दाखवलं की माणूस डोक्यावर बसतं. मूर्खपणा सगळा.

काम मला मामूनं शिकवलं. मामू म्हणजे आमच्या कामावरचा सगळ्यात जुना माणूस, त्याला सगळे मामूच म्हणायचे. पांढरी दाढी, डोक्याला फडकं, तोंडात पान. रस्त्याच्या खाली पाण्याच्या लाईनीला जागोजागी व्हाल, म्हणजे झडपा, असतात. वरचं लोखंडी झाकण उचलायचं, माणसाच्या छातीइतकी उंच लोखंडी चावी खाली सोडायची, ती व्हालच्या डोक्यावर बसवायची अन् वरचा आडवा दांडा धरून गोल फिरायचं. अकरा आटे फिरवले की गल्लीला पाणी. ऐकायला सोपं वाटतं. पण भसाभसा फिरवलं तर आत पाण्याचा धक्का बसतो अन् लाईन फुटते. मामू म्हणायचा, “पानी कू डराना नक्को. आराम से.” अन् अर्ध्या आट्यावर थांबून तो चावीच्या दांड्याला कान लावायचा. मलाही लावायला लावायचा. “सुन. पानी बातां करता.” खरंच ऐकू यायचं. आधी कुणीतरी लांब, दोन घरं पलीकडं, भाकऱ्या थापतंय असं. मग जातं फिरल्यासारखं. मग एकदम भरून, जड. तो आवाज आला की समजायचं, आता ढिलं करा, पाणी गल्लीत पोचलं. कुठं गळती असली तर तीही कानालाच कळायची. आता म्हणे यंत्रं आली आहेत. असतील. मला अजून कधी रस्त्यानं जाताना झाकण दिसलं की वाकावंसं वाटतं.

लग्नानंतरची पहिली दिवाळी झाली अन् एका सकाळी मी उठलो नाही. कारण काय, असं सगळ्यांनी विचारलं. कारण नव्हतं. कुणी मेलं नव्हतं, कुणी शिवी दिली नव्हती. बायको चांगली, काम चांगलं, खायला भाकरी. दुःख असतं तर रडलो असतो, रडूही येईना. जाग यायची, पण अंगावर कुणीतरी ओल्या वाळूचं पोतं ठेवलंय असं वाटायचं. सदऱ्याच्या गुंड्या लावायच्या म्हणजे डोंगर. भाकरी तोंडात फिरत राहायची, गिळायची आठवण व्हायची नाही. भिंतीचा चुना एका जागी निघाला होता, बैलाच्या तोंडासारखा, मी दिवसभर त्याच्याकडं बघत पडायचो. आज त्याला डिप्रेशन म्हणतात, टीव्हीवर त्याची चर्चा होते. तेव्हा आमच्या ओळीत त्याला दोनच शब्द होते. बायकांनी ‘बाहेरचं लागीर’ म्हणलं, पुरुषांनी ‘आळस’.

आबा गावाहून आले. अंगारा लावला, लिंबू उतरवलं. दोन दिवस बघितलं अन् तिसऱ्या दिवशी म्हणाले, “ह्याला गावाकडं न्यायचा. नांगराला जुंपला की आळस जातोय का नाय बघतो.” कुशा डोक्यावर पदर घेऊन चुलीशी बसली होती. सासऱ्यापुढं तोवर तिनं मान वर केली नव्हती. तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाली, “आबा, ह्यांचा पाय मोडला असता, तर नांगर धर म्हणला असता का?” मला वाटलं आता आभाळ कोसळतंय. आबांनी भाकरी खाल्ली, हात धुतला, अन् बोलले नाहीत ते नाहीतच. पण दुसऱ्या दिवशी जाताना बरोबर आणलेलं ज्वारीचं पोतं सगळंच्या सगळं ठेवून गेले, अर्धं पाहुण्याला द्यायचं होतं तेही. मी भिंतीकडं तोंड करून हे सगळं ऐकत होतो. त्या वेळी मनात काही हललं नाही. आज हे लिहिताना हात थांबला माझा. एकोणीस वर्षांची पोरगी होती ती.

मामू आला, माझ्या उशाशी बसला अन् म्हणाला, “ये उदासी है बेटा. मेरे कू बी हुई थी, जवानी में. दवा लेना पडता.” मला धरून त्यानं घाटीत नेलं, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही, शांतपणे विचारलं. झोप लागते का? जेवण जातं का? जीव नकोसा वाटतो का? तिसऱ्या प्रश्नाला मी मान हलवली. कुशा शेजारी उभी होती, तिनं ते पाहिलं. बाईंनी गोळ्या दिल्या, पुन्हा पुन्हा यायला सांगितलं. गोळ्यांचा उपकार मी आजही मानतो. त्यांनी आधी झोप दिली, मग हळूहळू वाळूचं पोतं थोडं कोरडं झालं. ज्यांना वाटतं की नुसतं मन घट्ट केलं की होतं, त्यांनी माझ्यासमोर बोलू नये. त्या दिवसापासून मी खोलीत एकटा कधी राहिलो नाही. कुशा बाहेर गेली की शेजारची चंपाबाई सूप घेऊन आमच्या दारात गहू निवडायला बसायची. रोज गहू. मला वाटायचं काय हावरट बाई, किती गहू खाते. वर्षभरानं कळलं, ते गहू निवडलेलेच असायचे.

अन् कुशा बाहेर जायची ती कुठं, तर माझ्या कामावर. मी पडलो तेव्हा मामूनं आठवडाभर माझ्या गल्ल्या स्वतः सोडल्या. पण त्याचे गुडघे गेले होते, दोघांचं काम एकट्याला झेपेना. नवा माणूस घेतला असता तर माझी रोजंदारी गेली असती. कुशानं कोपऱ्यातली माझी चावी उचलली, खांद्यावर टाकली अन् मामूच्या मागं उभी राहिली. तो म्हणाला, “बेटी, ये औरतां का काम नक्को.” ती म्हणाली, “मामू, बाराव्या वर्षापास्नं आडाचं पाणी ओढलंय मी. हे तर नुस्तं फिरवायचं हाय.” मामूनं पान थुंकलं अन् म्हणाला, “चल फिर.” मला मात्र तिनं विचारलं नाही, सांगितलं पण नाही. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून ती दुपारी तीनला निघायची. चौकातली टवाळ पोरं शिट्ट्या मारायची. गल्लीतल्या बायका मात्र खूश. “आली गं व्हालवाली! आज आमच्याकडं अर्धा आटा जास्ती सोड गं बाई, पाव्हणे आलेत.” ही त्यांना सांगायची, “पाव्हण्यांना म्हणावं पाणी घेऊन या.”

संध्याकाळी ती परत आली की चूल पेटवायची, पिठलं टाकायची, अन् भिंतीकडं तोंड करून पडलेल्या माझ्या पाठीला दिवसाची सगळी बातमी सांगायची. ऊठ म्हणायची नाही. बरं वाटतंय का, असंही विचारायची नाही, दुसऱ्यांनी विचारून विचारून त्या शब्दाचा मला वीट आला होता हे तिला कळत असावं. नुसती बातमी. आज चिंचेजवळचा व्हाल कुरकुरला. आज शाळेमागच्या लाईनीत पाणी आधी खोकलं, मग आलं. दोन बायकांनी हंड्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरल्या, सोडवायला गेले तर मलाच बसली. मध्येच विचारायची, “ते कुरकुरतंय ते कशानं हो?” मी उत्तर द्यायचो नाही. ती थांबायची, जेवढा वेळ माणूस उत्तराला घेईल तेवढी थांबायची, अन् पुढं बोलायला लागायची. कितीतरी दिवस असं चाललं. एका संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं अन् माझ्या तोंडून निघालं, “सुतळी सुकली.” व्हालच्या मानेभोवती ग्रीसात भिजवलेली सुतळी भरतात, ती सुकली की कुरकुरतो. तिनं वळून बघितलं नाही. पिठलं हलवत म्हणाली, “मग ग्रीस घालाय पायजे.” जणू आम्ही रोजच बोलत होतो. तिचं हे मला फार मोठं वाटतं. दुसरी कुणी असती तर पळत आली असती, चंपाबाईला हाक मारली असती, देवाला नारळ बोलली असती, अन् मी पुन्हा आत गेलो असतो.

पुढची गोष्ट उन्हाळ्याच्या तोंडची. आमच्या हद्दीत एक चढावरची गल्ली होती, उंबराच्या झाडाची. तिथं पाणी चढायला जोर लागायचा, म्हणून तिची पाळी उशिरा उशिरा यायची अन् ती मामू स्वतः सोडायचा. त्या दिवशी मामू लेकीकडं वाळूजला गेला होता, तेव्हा वाळूज म्हणजे शेतंच होती सगळी. जाताना सांगून गेला, उंबराची पाळी तू सोड. एक गोष्ट सांगायची मात्र विसरला. तो व्हाल उलटा होता. निजामाच्या काळातला, कुणी कुठून आणून बसवलेला. बाकीचे सगळे ज्या बाजूला फिरवले की उघडतात, त्या बाजूला तो बंद होतो. हे शहरात दोनच माणसांना ठाऊक. एक मामू, दुसरा मी.

मी पडलो होतो. चंपाबाई दारात गहू घोळत होती. चारच्या पुढं धापा ऐकू आल्या, अन् कुशा आत आली. तोवर इतक्या महिन्यांत तिला मी रडताना बघितलं नव्हतं, त्या दिवशी ती रडत होती. “आवं, पाणी यीना! समदी गल्ली उभी हाय. मला म्हणत्यात, बाईमाणसाला चावी दिली अन् आमचा घसा वाळवला.” मी विचारलं, “कुठला?” “उंबराजवळचा. हालतच नाय. दोन गड्यांना लावलं, त्यांनी पण जोर केला, तरी बसलाय घट्ट.” “उलटा हाय तो,” मी म्हणालो. “मग सांगायचं नव्हतं?” असं ती ओरडली ते पार चौकापर्यंत गेलं असेल. मला आता हसू येतं. त्या चार-पाच महिन्यांत ती माझ्यावर ओरडली ती एवढी एकदाच. मग डोळे पुसून म्हणाली, “बरं, उलटं फिरवते,” अन् वळली. चावी तिनं उंबऱ्याला टेकवली होती. तिच्या दांड्यावर रक्त होतं. दोन्ही तळहातांचे फोड फुटले होते, तिनं ते पदरात गुंडाळून घेतले होते.

मला कळत होतं की नुसतं उलटं फिरवून भागणार नाही. दोन गड्यांनी बंद बाजूला जोर करून तो आवळला होता. आता त्याच जोरानं उघडायला गेले की आतला दांडा तुटणार, मग रस्ता खोदायचा अन् ती गल्ली महिनाभर कोरडी. हे मी तिला सांगायला लागलो, ठोका कुठं द्यायचा, किती मागं, किती पुढं, अन् मध्येच थांबलो. सांगून येणारी गोष्ट नव्हती ती. हाताला कळते. मी उठलो. बनियनवर होतो, दाढी वाढलेली. चंपाबाईनं सूप बाजूला घेऊन वाट दिली अन् तोंडावर पदर धरला.

चढ चढताना तीनदा बसलो. लोक बघत होते. कुणीतरी म्हणालं, वेडा बाहेर काढलाय. कुशा म्हणाली, “तुझ्या घागरीत पाणी सोडायला काढलाय. थांब तिथंच.” उंबराखाली पन्नासेक घागरी रांगेत, अन् रांगेच्या पार शेवटी विटा वाहणारी एक बाई, तिच्याकडं घागर नव्हती, नुसता तांब्या. मी चावी खाली बसवली. चावीच्या मानेवर दगडानं हळू ठोके दिले. थोडं मागं, थोडं पुढं, जसं अडलेल्या गाईला धीर देतात तसं. माझ्या हातात जोर नव्हता. कुशानं दांड्याची दुसरी बाजू धरली, फाटलेल्या हातांनी. म्हणालो, “जोर करू नको. माझ्यासंगं फिर.” आम्ही दोघं त्या चावीभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरलो. कुर्र झालं. अर्धा आटा सुटला. मी थांबलो अन् दांड्याला कान लावला. काही नाही. बराच वेळ काही नाही. मग लांब, खूप लांब, कुणीतरी भाकऱ्या थापायला लागलं. मी कुशाचं डोकं धरून दांड्याला लावलं. तिच्या तोंडावरचं मी सांगू शकत नाही, मला लिहिता येत नाही तेवढं. तिला मामूनं कान लावायचं शिकवलं होतं, पण माझ्यासंगं ऐकलं नव्हतं. मी तिथं, पन्नास घागरींसमोर, ढसाढसा रडलो. दिवाळीपासून पहिल्यांदा. पाणी आलं तेव्हा कुशानं पहिल्या नळाखाली घागर लावू दिली नाही. आधी त्या विटावालीचा तांब्या भरला. लोक खवळले. ही म्हणाली, “उन्हात तिच्या जागी उभं राहून बघा.”

लोकांना ही गोष्ट सांगितली की म्हणतात, तिनं मुद्दाम केलं असेल, तुम्हाला उठवायला. नाही. तिला खरंच ठाऊक नव्हतं. अन् मी त्या दिवशी बरा झालो असंही कुणी समजू नये. दुसऱ्या सकाळी पोतं परत छातीवर. मी म्हणालो, “बरं वाटलं की जाईन कामावर.” त्यावर ती जे बोलली ते मी आयुष्यभर वापरलं. “बरं वाटल्यावर जायचं म्हणाल तर जाणंच व्हायचं नाय. जाऊन या, अन् मग वाईट वाटून घ्या. वाईट कुठं पळून जातंय?” पण सगळं करा असंही ती म्हणाली नाही. पेठेतून एक रांजण आणला, तिवईवर दाराबाहेर ठेवला, वर लाकडी झाकण, तांब्या. म्हणाली, “रोज उठून एवढा भरायचा. बाकी जमलं तर जमलं. रस्त्यानं तांब्या नसलेलं कुणी पण जातंय, त्याचं हे.” आधी मी फक्त रांजण भरायचो अन् पुन्हा पडायचो. मग रांजण भरून दारात बसायला लागलो. कोण पितंय ते बघायचो. टपालवाला, बोहारीण, एक म्हातारा शिंपी जो दोन तांबे पिऊन तिसरा डोक्यावर ओतायचा. ते प्यायचे, तोंड पुसायचे, जायचे. कुणी आभार मानत नव्हतं, कुणाला माझं नावही ठाऊक नव्हतं. पण एका सकाळी मला कळलं की आज मी उठलो नाही तर त्या शिंप्याचं डोकं तापेल. जगायला एवढं कारण पुरतं का, असं कुणी शिकलेला विचारेल. मला पुरलं. पावसाळ्यापर्यंत मी चावी खांद्यावर घेतली. पुढं आयुष्यात ते पोतं आणखी तीनदा आलं. दर वेळी घाटी, गोळ्या अन् रांजण. घर बदललं, रांजण तीनदा फुटला, नवा आणला. भरायचा चुकला नाही.

म्हणून ती गेल्यानंतरच्या त्या सकाळची मला भीती होती. उजाडलं. शोभा आली, तिच्या आईजवळ बसून रडली ते ऐकलं. बाहेर बांबू टाकल्याचा आवाज आला. गवऱ्या आल्या. इंदू कुणाला तरी म्हणाली, “आंघोळीला पाणी काढा, मागच्या ड्रममधलं घ्या.” कुशानं आदल्या दुपारी नळी धरून भरलेला तो ड्रम. मी भिंतीकडंच होतो. मला कुणी ऊठ म्हणत नव्हतं, त्या दिवशी मला कोण म्हणणार? तेवढ्यात बाहेरच्या रांजणाचं झाकण उचललं गेलं. रस्त्यानं जाणारं कुणीतरी असावं, ज्याला आमच्या घरचं ठाऊक नव्हतं. तांब्या आत गेला अन् बुडाला खरवडला. खर्र. एकदा. मग पुन्हा एकदा, खात्री करायला. झाकण परत ठेवलं गेलं अन् पावलं पुढं गेली.

मी उठलो, पण बरं वाटत होतं म्हणून नाही. तसूभर बरं वाटत नव्हतं. घागर घेतली, मागं गेलो. इंदू बादली बुडवत होती. म्हणलं, “थांब. आधी बाहेरचा.” ती म्हणाली, “भाऊजी, असं काय करता? सुतक हाय. ह्या घरचं पाणी कोण पिणार?” म्हणलं, “कोण पितंय ते त्यांनी बघावं. भरायचं काम माझं.” ती शोभाकडं बघायला लागली. शोभा उठली अन् दारातली माणसं बाजूला सारली. चार घागरी झाल्या. दर खेपेला कुशाच्या उशाशेजारून जावं लागलं. गुडघा धरत होता तरी उंबऱ्यात थेंब सांडू दिला नाही, नाही तर बोलली असती. रांजण काठोकाठ झाला, तांब्या विसळला, झाकण घातलं.

मग आत येऊन म्हणालो, “आता घाला तिला आंघोळ.”